पाव इंच माया

एकतीस वर्षं मी फळ्यापुढे उभी राहून सांगत आले, की बिंदूला लांबी-रुंदी नसते आणि रेघेला जाडी नसते. पोरं ते मुकाट्यानं वहीत उतरवायची आणि लगेच बोथट पेन्सिलीनं एवढी जाड रेघ ओढायची. मी ओरडायचे. गेल्या श्रावणात माझ्या पायमशीनची सुई एका बिंदूवर कट्‌कन मोडली, तेव्हा ती पोरं आठवली. त्या बिंदूत आठ त्रिकोणांची टोकं एकमेकांच्या उरावर बसली होती. बोटाला हरभऱ्याएवढा गोळा लागत होता.

नातीसाठी वाकळ शिवायला घेतली होती. गोधडी हा शब्द पुण्याकडचा. आमच्या सांगलीत वाकळच, आणि कन्नड मुलुखात गेलं की तीच कौदी होते. नात आठ वर्षांची, पुण्याला असते. तिनं आईच्या मोबाइलवर कुठला तरी अमेरिकी क्विल्ट बघितला आणि मला फोन केला, "आजी, मला अशी ट्रँगलवाली पाहिजे." मी मनात म्हटलं, त्रिकोण होय? त्रिकोण म्हणजे आपल्या घरचं कार्य. कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या असतो ना, तोच आकार. दोन गुण्ये कर्णाला कर्ण लावून ठेवले की चौकोन. एक गडद, एक फिकट. त्यात काय अवघड?

वहीत आराखडा काढला. आडवे ८ घर, उभे १०, प्रत्येक घर ६ इंचांचं. म्हणजे वाकळ ४८ बाय ६०. बाहेरच्या रांगेत साधे चौकोन, आतल्या ६ बाय ८ मध्ये त्रिकोणांचे ४८ ठोकळे. पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जाणारं कापड, सोडायची, दोन्हीकडून मिळून अर्धा इंच, म्हणून सगळे चौकोन साडेसहा इंचांचे कापले. त्रिकोणांसाठी तेच साडेसहाचे चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मधोमध कापले, गडद-फिकट जोडले, इस्त्री केली आणि साध्या चौकोनाशेजारी ठेवून बघितले. तीन सूत कमी! एक नाही, बाराच्या बारा ठोकळे कमी.

(सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार आणि गवंडी अजून सुतातच बोलतात. इथून पुढचा सगळा हिशोब सुतातच आहे, कारण तो सुतातच सुटसुटीत बसतो.)

तरी मी हट्टानं एक रांग जोडली. कमी पडेल तिथे ओढून ओढून टाचण्या लावल्या. जमिनीवर पसरली तर रांगेला पापडासारखे फुगे आलेले. आमच्याकडे पलीकडच्या गल्लीतल्या आक्का येतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. कवठे महांकाळकडच्या. चाळीसेक वर्षं लोकांच्या वाकळा शिवून देतायत. त्यांनी ती रांग चिमटीत धरून उचलली, उजेडाकडे केली आणि म्हणाल्या, "बाई, माया कमी पडली की ओ. आन् वडून वडून आनलीया. वडून आनलेलं नांदत न्हाई."

आक्का मला बाई म्हणतात ते शाळेतल्या बाई म्हणून. त्यांचा धाकटा माझ्या हाताखाली दहावी झाला. गणितात त्याला ३६ गुण होते, हे त्या अजून मला ऐकवतात.

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसले. चूक सापडली तेव्हा लाज वाटली, कारण हे गणित मी दर वर्षी फळ्यावर करत होते, फक्त कापडावर कधी केलं नव्हतं. चौकोनाच्या बाजूला दोन टोकं, दोन्ही काटकोन, म्हणून दोन सूत अधिक दोन सूत, चार. त्रिकोणाच्या बाजूला मात्र एका टोकाला काटकोन आहे आणि दुसऱ्या टोकाला ४५ अंश. काटकोनाकडे दोन सूत पुरतात. ४५ अंशांचं टोक अणकुचीदार असतं. तिथे दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत माया धरली की ते टोक लांबच लांब पुढे निघतं. किती? दोन सूत गुणिले एक अधिक वर्गमूळ दोन. म्हणजे ४.८३ सूत. इकडचे २, तिकडचे ४.८३, बेरीज ६.८३. जवळजवळ सात सूत. म्हणून तयार ठोकळा ६ इंचांचा हवा असेल तर चौकोन कापायचा ६ इंच ७ सुतांचा. तयार माप कोणतंही असो, ७ सूत वाढवा. अमेरिकेतल्या बायका हा आकडा पाठच करून ठेवतात. तो वर्गमूळ दोनमधून येतो हे कळल्यावर मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मी ६ इंच ७ सूतही कापत नाही आता. सरळ ७ इंच कापते आणि शिवून झाल्यावर साडेसहाला छाटते. सूतभर कापड वाया जातं. जाऊ दे. छाटायला सूतभर असलं की शिवताना हात थरथरला तरी चालतो, आणि बासष्टाव्या वर्षी तो थरथरतो.

पण माप बरोबर आल्यावरही ठोकळे वाकडे येतच होते, आणि ते दुखणं वेगळं होतं. कागदाच्या त्रिकोणाला धागा नसतो. कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो, आणि या दोघांच्या मधून तिरकं गेलं की उरेब. ब्लाउजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो ती का? ताणते म्हणून, गोल वळते म्हणून. आता चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला की त्रिकोणाच्या दोन बाजू सरळ धाग्यावर राहतात, पण कर्ण मात्र अख्खाच्या अख्खा उरेब. म्हणजे जी सगळ्यांत लांब बाजू, जी शिवायची आहे, नेमकी तीच रबरासारखी. नुसतं मशीनखाली सरकवताना सूत-दोन सूत लांबते. वर माझं कापड म्हणजे पंधरा-वीस वर्षं धुतलेल्या सुती साड्या. लोण्यासारख्या मऊ. अंगावर घ्यायला झकास, कात्रीखाली महाबेइमान.

आक्कांचा यावर उपाय एकच. "तिरकं कापायचंच कशाला? उभ्या धाग्यात टराटरा फाडावं, पट्ट्या लावाव्या." खरंच, त्यांच्या वाकळीत तिरका काप कुठे नाही. चौकोन, आयत, पट्ट्या, कधी अख्खा काठ तसाच. मला ती रंगांची आवड वाटायची. आता वाटतं त्यामागे कापडाची पारख आहे. फाडलेलं कापड धाग्याशी खोटं बोलूच शकत नाही.

तर उरेबीवर दोन गोष्टी केल्या. एक, खळ. साबुदाण्याची पातळ खळ करून साड्यांचे तुकडे बुडवले, दोरीवर ताठ वाळवले, दमट असतानाच इस्त्री केली. कापड कागदासारखं झालं. साबुदाणा उपासापेक्षा वाकळीला जास्त गेला असं घरात म्हणून झालं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: आधी शिवायचं, मग कापायचं. एक गडद, एक फिकट चौकोन सुलट्या बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे. फिकट चौकोनाच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीनं कर्ण आखायचा. त्या रेघेच्या दोन्ही अंगांनी दोन-दोन सुतांवर टीप मारायची. मग रेघेवरून कापायचं. उघडलं की दोन तयार ठोकळे. कर्ण उघडा पडेपर्यंत तो टिपेनं बांधलेला असतो, ताणायची संधीच मिळत नाही. २४ जोड्या, ४८ ठोकळे. हिशोब असा की ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडात ७ इंची चौकोन आडवे ६ बसतात, म्हणजे चार रांगा, २८ इंच गडद आणि २८ इंच फिकट. एवढंच कापड लागतं, हे ऐकून शेजारणींना खरं वाटत नाही.

दोन सुतांची टीप सरळ यावी म्हणून माझ्या मशीनच्या पत्र्यावर एका लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून चिकटवला आहे. सुईपासून बरोबर दोन सूत. कापड त्याला घासत सरकवायचं. पत्रिका कुणाची ते सांगत नाही, पण पुठ्ठा चांगला होता.

इस्त्रीचंही एक आहे. इस्त्री दाबायची आणि उचलायची. शर्टावर फिरवतो तशी फिरवली की ठोकळ्याचा पतंग होतो. आणि शिवणीची माया नेहमी गडद कापडाच्या बाजूला पाडायची, नाहीतर फिकटातून खालचा रंग सावलीसारखा दिसतो. मग लाकडी गुण्या घेऊन छाटायचं. फळ्यावर वापरायचा तो मोठा गुण्या शाळेनं मोडीत काढला तेव्हा मी मागून घेतला होता. त्याचा कर्ण बरोबर शिवणीवर बसवला, की दोन बाजू आपोआप काटकोनात येतात. कोपऱ्यावर कर्णाची दोन टोकं बाहेर डोकावतात. त्यांना मी कान म्हणते. ते कापून टाकायचे.

कापडं कुठली, तेही सांगते. बाहेरच्या साध्या चौकोनांना इचलकरंजीचं निळं पॉपलीन घेतलं सव्वा मीटर, आणि आधी दोनदा धुऊन काढलं. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुनी साडी आटायची ती कधीच आटून बसलेली असते. दोघांना न धुता एकत्र शिवलं तर पहिल्याच पाण्यात वाकळीवर सुरकुत्या. गडद त्रिकोणांना माझ्या दोन इरकली, एक जांभळी, एक मोरपंखी. फक्त अंग घेतलं. पदर सोडून दिला, कारण तो मशीनखाली माशासारखा सरकतो. इरकल रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, सकाळी पाणी जांभळं. असं तीन दिवस केलं, मग पाणी निवळलं.

फिकट रंगाचं कापड आईच्या गाठोड्यातलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या माहेरच्या घरात ते छातीपर्यंत होतं. आईची ट्रंक माळ्यावर चढवली होती, पण एक गाठोडं घाईत पलंगावरच राहिलं. त्यात आईच्या पांढरट सुती साड्या. पाणी उतरल्यावर धुतल्या, पुन्हा धुतल्या, सोडा घालून धुतल्या. चिखलाची एक तांबूस रेघ गेली नाही ती नाहीच. या साड्या नेसायला नाहीत, द्यायला नाहीत, टाकायला हात होत नाही. पाच वर्षं पडून होत्या. त्या कापल्या. कापताना मी रेघेचा भाग टाळत होते. २४ चौकोन काही पुरेनात, म्हणून शेवटचे सात रेघेवरून कापावे लागले.

आता मांडणी. खरा वेळ इथे गेला, आणि खरी मजाही इथेच आली. शिवायला पंधरा दिवस लागले, मांडायला महिना.

अर्धा गडद, अर्धा फिकट असा एक ठोकळा चार दिशांना फिरवता येतो. फक्त १६ ठोकळे घेतले, ४ बाय ४, तरी मांडण्या किती? चाराचा सोळावा घात. ४,२९,४९,६७,२९६. चारशे एकोणतीस कोटींच्या वर. माझे ४८ होते. तो आकडा मी कागदावर मांडायला घेतला आणि सोडून दिला. फ्रान्समध्ये सेबास्तियँ त्रुशे नावाच्या धर्मगुरूनं १७०४ साली नेमक्या याच गोष्टीवर निबंध लिहिला आहे. त्याच्याकडे कापड नव्हतं, कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या चौकोनी फरश्या होत्या. मला तो मनुष्य फार जवळचा वाटतो. त्याच्याही घरात कुणीतरी "आता पुरे, जेवायला वाढा" म्हणत असणार.

आमच्या बैठकीत शहाबादी फरशी आहे. तिच्या जोडरेघांवर रांगा सरळ लागतात, म्हणून तिथेच मांडायला बसले. पंखा बंद ठेवावा लागतो. हे रोज संध्याकाळी पंखा चालू करायचे, आणि माझे त्रिकोण कोपऱ्यात. शेवटी भिंतीवर घोंगडं टांगलं. लोकरीला सुती तुकडा नुसता थोपटला तरी धरून राहतो. टाचणीही लागत नाही. उभ्यानं बघता येतं, मागे सरून बघता येतं, आणि ह्यांना पंखा मिळतो.

सगळ्यांत आधी सगळे ठोकळे एकाच दिशेला लावले. सगळीकडे करवतीचे दात. पहिल्या पाच मिनिटांत छान वाटलं, मग डोळे दुखायला लागले. मग एक रांग अशी, एक तशी, तर डोंगरांच्या रांगा आल्या, बालवाडीतल्या चित्रासारख्या. मग चार-चार ठोकळे फिरवून लावले: प्रत्येकाचं गडद टोक मध्यबिंदूकडे, आणि एकामागून एक काटकोनात वळवलेले. भिंगरी! अमेरिकेत याला पिनव्हील म्हणतात. आक्का दारातूनच म्हणाल्या, "ही जत्रंतली भिंगरी हाय." त्याच चारांतले चारही उलट फिरवले, सगळे गडद भाग आत, की मधोमध शंकरपाळं. सगळे गडद भाग बाहेर, तर फिकट शंकरपाळं. ठोकळे तेच, शिवण तीच, आणि एक हात फिरला की भिंगरीचं शंकरपाळं. याच ठोकळ्यांच्या एका रचनेला तिकडे ब्रोकन डिशेस म्हणतात, फुटक्या बश्या. नाव ठेवणारीच्या घरात त्या दिवशी काय झालं असेल ते कुठल्याही बाईला कळेल.

मग एक अडचण कळली. काही भिंगऱ्या फिरत होत्या, काही नुसत्याच बसून होत्या. कारण जांभळी इरकल आणि आईची पांढरट साडी यांत फरक भरपूर, पण मोरपंखीच्या एका फिकट झालेल्या भागात आणि त्या तांबूस रेघेच्या तुकड्यात फरकच नव्हता. रंग वेगळे, उजेड सारखा. त्रिकोण दिसतो तो रंगानं नाही, गडद-फिकटानं दिसतो. हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे, चष्मा काढायचा. माझा नंबर एवढा आहे की चष्मा काढला की रंगांचे बारकावे जातात आणि फक्त काळोख-उजेड उरतो. ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनी मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करावा.

ते सात चिखलाचे तुकडे (सात चौकोन, म्हणजे चौदा ठोकळे) मी आधी कडेला कडेला लपवत होते. कडेला एकत्र आल्यावर ते जास्तच दिसायला लागले, जसा भिंतीवर ओलीचा डाग दिसतो. मग जांभळ्याशी जोड असलेले मधे आणले आणि लांब लांब विखुरले. आता दुरून बघितलं तर कुठे तरी दुपारचं ऊन पडल्यासारखं वाटतं. जवळून बघितलं तर चिखलच आहे.

नातीला मी रोज रात्री फोटो पाठवायचे. तिला शंकरपाळं हवं होतं. ती डायमंड म्हणते. मला भिंगरी हवी होती. तीन दिवस वाद. तिचं म्हणणं, भिंगरीकडे बघत झोप कशी येईल. मुद्दा बरोबर होता, पण मी आजी आहे. ६ बाय ८ मध्ये चार-चारांचे १२ गट होतात. सहा भिंगऱ्या, सहा शंकरपाळी, आडवी-उभी आलटून पालटून, असा तह झाला. गंमत अशी, की शेजारी शेजारी लावल्यावर दोघांच्या मधे, कुणी न मांडलेले, आणखी आकार तयार झाले. एक तर हुबेहूब मासा.

मग ती सुई मोडली. भिंगरीच्या मध्यावर आठ टोकं येतात आणि सगळी माया एकाच बाजूला पाडली की गोळा होतो. त्यावर उपाय असा, की दोन अर्ध्या भिंगऱ्या जोडताना एकीची माया उजवीकडे, दुसरीची डावीकडे पाडायची. दोन्ही शिवणी एकमेकींत खाचेसारख्या बसतात, बोटाला कळतं, बारीक टक्‌ होतं. मग शेवटची टीप मारल्यावर मागच्या बाजूनं मध्याजवळच्या मायेतले दोन-तीन उभे टाके उसवायचे आणि चारही माया एकाच दिशेनं गोल फिरवून इस्त्री करायच्या. गोळा सपाट होतो, आणि मागच्या बाजूला नखाएवढी आणखी एक भिंगरी तयार होते. ती कुणालाच दिसणार नाही, अस्तराखाली जाणार. मी आक्कांना मुद्दाम दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली. पुढच्या बाजूला एवढा वेळ बघितलं नव्हतं.

चार कोपऱ्यांना साधे निळे चौकोन न लावता डमरू लावले. डमरू म्हणजे चौकोनाचे दोन्ही कर्णांवर चार तुकडे, समोरासमोर एक रंग. इथे ७ सूत चालत नाहीत, १० सूत लागतात, म्हणजे ७ इंच २ सुतांचा चौकोन. आणि धाग्याचं उलटं होतं: चौकोनाचे चार भाग केले की कर्ण सरळ धाग्यावर येतो आणि लहान बाजू उरेब. कर्ण वाकळीच्या कडेला येणार, त्यामुळे कड ताठ राहते. हे उलटसुलट ज्याला कळलं त्याची वाकळ कडेला लाटा मारत नाही.

कोपऱ्यांना काहीतरी हवंच, हे माझ्या डोक्यात हल्याळच्या बाजूला गेले होते तेव्हापासून आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. बरेच जण घरात कोकणीच बोलतात. त्यांच्या बायका वाकळ शिवतात ती कवंदी. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, कडेकडेनं तुकडे लावत, धावदोरा घालत, गोल गोल आत मध्यापर्यंत. आणि शेवटी चार कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे. त्यांना फुला म्हणतात. फुला नसल्या तर कवंदी उघडी, नागवी समजतात. तिथला त्रिकोण कापलेला नसतो, चौकोनाला घडी घालून केलेला असतो. उरेब कड घडीच्या आत गुपचूप बसलेली. आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "शानी मान्सं."

वरचा भाग झाला. खाली अस्तर, मधे दोन जुन्या साड्या, आणि मग आक्का आल्या. बैठकीत वाकळ अंथरली, त्या कडेला मांडी घालून बसल्या. जाड सुती दोरा, उजव्या हाताला अंगुस्ताना, आणि कडेपासून बोटभर अंतरावर पहिली धाव. कोपरा आला की काटकोनात वळायचं, पुन्हा बोटभर आत. मी विचारलं, माझ्या त्रिकोणांच्या शिवणीवरून टाके घालणार का? नकाशा काढून दिला होता मी. त्यांनी नकाशाची घडी करून पायाखाली ठेवली, कारण फरशी गार लागत होती. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन, असे त्यांचे टाके माझ्या भिंगऱ्यांवरून सरळ चालत गेले. बारा दिवस. मध्याशी त्यांचे टाके संपले तिथे त्यांनी गाठ मारली नाही, दोरा उलटा तीनदा फिरवून आत घालवला.

टाके पडल्यावर वाकळ आटते. मापली, ४७ बाय साडेअठ्ठावन्न. इंच-दीड इंच कुठे गेला, हा हिशोब मी केला नाही. नात अजून साडेचार फुटांचीही नाही.

राहिले ते पहिले बारा ठोकळे, साडेसहाचे चौकोन कापून बिघडलेले, ६ इंच १ सूत भरणारे. पिशवीत घालून कपाटावर टाकले होते. मजुरी द्यायला गेले तेव्हा आक्कांनी ती पिशवी मागितली. नातवाला मुलगी झाली होती. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे गेले, तर बाळाच्या अंगाखाली दुपटं. माझेच ठोकळे. कुठला किती भरतो ते बघितलंच नव्हतं. एकावर एक कड चढवून, कड आत दुमडून, धावदोरा. एका बाजूनं भिंगरी झाली होती, दुसरीकडे काहीच झालं नव्हतं. कोपऱ्यांना चार तिकोनी तुकडे, घडी घातलेले.

हात लावून बघितला. कुठे फुगा नाही, लाट नाही. मी पर्समधून टेप काढला. आक्कांनी बाळाला उचललं, दुपटं झटकलं आणि उन्हात वाळत टाकायला गेल्या.